मोळीची किंमत किती?

आज आपण गटाच्या वहीत कधीच न लिहिला जाणारा खर्च पाहू या, जळणाचा. आपलं धसई 1 डिसेंबर 2016 रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात झळकलं. पण बाईच्या डोक्यावरच्या मोळीची किंमत अजून कुठल्याच खात्यावर चढत नाही.

उज्ज्वला योजना त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाली. जोडणी घरातल्या बाईच्या नावावर मिळते. आपल्याकडे शेगडी पुष्कळ घरांत आली. काही घरांत मात्र ती पाहुणे आले की पेटते, एरवी तिच्यावर डबे ठेवलेले असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "लाकूड फुकट मिळतं ना ताई."

फुकट कसं, ते बघू. सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली पातळ करून भरलेले असतात. आपल्या साध्या चुलीत शंभर रुपयांचं लाकूड घातलं, तर दहा-पंधरा रुपयांचीच आच भांड्याला लागते. बाकीची भिंतीला, वाऱ्याला आणि आपल्या तोंडाला. गॅसच्या शेगडीत साठाच्या वर कामी येते. त्यातून किलोला किलो धरलं तर गॅसमध्ये उष्णता लाकडाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे एक किलो गॅस साधारण बारा किलो लाकडाचं काम करतो. 14.2 किलोचा एक सिलेंडर म्हणजे 170 किलो लाकूड, म्हणजे सात-आठ मोळ्या.

एका मोळीला अर्धा दिवस जातो. सात मोळ्यांचे साडेतीन दिवस झाले. रोजगार हमीची मजुरी 2025-26 साली दिवसाला 312 रुपये धरली आहे, त्या भावाने हे 1092 रुपये होतात. सिलेंडर 900 ला धरा, उज्ज्वलाची 300 सबसिडी वजा करा, 600 उरले. रोज मजुरी मिळतेच असं नाही, हे मलाही माहीत आहे. पण ते दिवस भाजीच्या वाफ्याला किंवा शिलाईला मिळाले तरी ते आपलेच.

धुराचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली. चुलीपाशी बाई बसते आणि तिच्या मांडीवर मूल असतं.

गॅसही जमिनीखालच्या इंधनातूनच येतो, त्यामुळे तो अगदी निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याची काजळी नगण्य आणि राख नाही. ऐन, धावड्याच्या ओल्या फांद्या तुटत नाहीत. गोवऱ्या जळत नाहीत, शेण शेताला राहतं.

खरी अडचण वेगळी आहे. 900 रुपये आधी रोख द्यावे लागतात, सबसिडी मागून येते. भात विकल्यावर पैसे असतात, आगोटीला नसतात, आणि लाकूड ओलं असतं तेही तेव्हाच. इथे गट कामाला येतो. गटातून 900 ची उचल द्या. सबसिडीचे 300 आले की ते भरा, उरलेले 600 चार बैठकांत दीडशे-दीडशे. एकदम एवढे जमत नसतील तर उज्ज्वलावर पाच किलोचा छोटा सिलेंडरही घेता येतो. सबसिडी येत नसेल तर आधार खात्याला जोडलंय का आणि केवायसी झालंय का, हे एजन्सीत विचारा. हे काम दोघी-तिघींनी मिळून गेलं की लवकर होतं.

पहिल्याच महिन्यात चूल मोडा असं मी सांगत नाही. अंघोळीचं पाणी पुष्कळ जळण खातं. ते हवं तर बाहेरच्या चुलीवर तापवा, पण भाकरी आणि कालवण गॅसवर करा. डाळ भिजवून घाला, झाकण ठेवा, उकळी आली की आच बारीक करा. सिलेंडर जास्त दिवस पुरतो.

एक गोष्ट मात्र पक्की करा. चूल आणि सिलेंडर एका खोलीत नको. हा वायू हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जातो. त्याचा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन 1906 ला फोन लावा. हा नंबर चोवीस तास चालू असतो.