घरच्या टीव्हीला गुण किती?

शेजारी घरी आले आणि भिंतीवर नवा टीव्ही दिसला, की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "केव्हा घेतलात?", "केवढ्याला पडला?" आणि "कसा काय आहे?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपण बिनचूक देतो. तिसऱ्याला मात्र "छान आहे हो!" एवढे म्हणून आपण चहाचे आधण ठेवायला उठतो. वस्तुतः विचारणाऱ्याच्या दृष्टीने तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो; कारण त्यालाही संच घ्यायचा असतो आणि आपल्या एका शब्दावर तो पंचवीस-तीस हजार रुपये टाकणार असतो.

हल्ली हा प्रश्न एकटा शेजारी विचारीत नाही. संच घरी येऊन दोन दिवस होतात न होतात तोच मोबाइलवर निरोप येतो : आपण कितपत समाधानी आहात, पाचपैकी तारे द्या. आमच्याही घरी असाच निरोप आला. चित्र स्वच्छ होते, मुले खूश होती. आम्ही पाच तारे देऊन मोकळे झालो.

तीन महिन्यांनी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या आई रोज दुपारी टीव्हीवर कीर्तन ऐकत. त्या आता आतल्या खोलीत पडून राहू लागल्या होत्या. रात्री सर्व मंडळी मालिका पाहायला बसली की त्याही बसत, पण थोड्या वेळाने मुकाट्याने उठून जात. वयोमानाने मन उडाले असेल, असे आम्ही समजलो. शेवटी एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दिसतं छान रे. पण बोलतात काय, ते मला कळत नाही." घरातील वडीलधारे माणूस मंडळींतून उठून गेले, आणि ज्या संचामुळे गेले त्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊन बसलो होतो! तेव्हापासून आम्हांला एक प्रश्न पडला आहे. आपण गुण देतो ते नेमके कशाला? संचाला, की त्या दिवशीच्या आपल्या मनःस्थितीला?

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. रंग आले ते १९८२ साली. त्या काळचा संच ज्यांनी पाहिला आहे त्यांना लाकडी पेटी, तिची सरकती दारे आणि खटखट फिरणारे बटण आठवत असेल. एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचे, "आलं, आलं! गेलं, मुंग्या आल्या!" एवढे करूनही त्या संचावर आपण नाराज होतो काय? मुळीच नाही. आळीतली निम्मी मंडळी आपल्या ओटीवर दाटीवाटीने बसत आणि आपण धन्य होत असू. आज त्याहून शतपटीने सरस चित्र दाखविणाऱ्या संचाला कोणी रागाने एकच तारा देतो. यंत्र सुधारले आणि समाधान मात्र घटले, हे कसे?

१९८० साली रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने याचा सुटसुटीत उलगडा मांडला. गिऱ्हाइकाचे समाधान केवळ वस्तूच्या गुणावर ठरत नाही. मनात धरलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्यातील अंतरावर ते ठरते. अनुभव अपेक्षेच्या वर गेला की आनंद, खाली राहिला की असमाधान. लग्नात जेवण चांगले असूनही, 'बासुंदी आहे' असे आधी ऐकून गेलेला पाहुणा हिरमुसून परत येतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून स्वस्त संचाला साडेचार तारे आणि महागड्याला चार, असे दिसले तर स्वस्त संच अधिक चांगला असा निष्कर्ष काढू नये. स्वस्त घेणाऱ्याने थोडे मागितले आणि त्याला ते मिळाले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

याच्या पुढची पायरी जपानमधील नोरिआकी कानो यांनी १९८४ साली दाखविली. त्यांनी वस्तूचे गुण वेगवेगळ्या वर्गांत मांडले. त्यांपैकी तीन आपल्या कामाचे आहेत. पहिला वर्ग गृहीत गुणांचा : बटण दाबल्यावर संच सुरू होणे. हे घडले म्हणून कोणी कौतुक करीत नाही. न घडले तर मात्र संताप होतो. दुसरा वर्ग जितके अधिक तितके बरे अशा गुणांचा : चित्र जितके स्पष्ट, तितके समाधान अधिक. तिसरा वर्ग अनपेक्षित आनंद देणाऱ्या गुणांचा : ते नसले तरी तक्रार नसते, असले तर मन हरखून जाते. गंमत अशी, की हे वर्ग कायमचे नसतात. टीव्हीच्या रिमोटविषयी जपानी लोकांची भावना कानोंनी निरनिराळ्या वर्षी तपासली. १९८३ साली रिमोट हा आनंदाचा गुण होता, १९८९ साली 'अधिक तितके बरे' या वर्गात आला आणि १९९८ पर्यंत तो गृहीत धरला जाऊ लागला. आपल्याकडेही निराळे घडले नाही. पूर्वी घरातले धाकटे पोर हाच आपला रिमोट असे. आज रिमोट सोफ्याच्या फटीत गेला तर घर डोक्यावर घेतो. तात्पर्य, नव्या संचाचे नवल ओसरते आणि जे गृहीत धरले होते त्याचीच उणीव पुढे बोचू लागते. आमच्या पाच ताऱ्यांचे तेच झाले. माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू येणे आम्ही गृहीत धरले होते.

आता संचाकडे वळू. दुकानात उत्तम दिसलेला संच घरी तसा का दिसत नाही? याची तीन साधी कारणे आहेत.

पहिले कारण उजेड. दुकान दिव्यांनी लखलखत असते. शेजारी आणखी वीस संच चमकत असतात. त्या गर्दीत उठून दिसावे म्हणून संच अत्यंत भडक मांडणीवर लावलेला असतो. घरी रात्री मंद दिव्यात तोच भडकपणा डोळ्यांना शिणवितो. पुष्कळांना हा संचाचा दोष वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' ही मांडणी निवडली की बहुधा तक्रार उरत नाही.

दुसरे कारण अंतर. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. तीत १९२० ठिपके असले तर सुमारे साडेपाच फुटांपलीकडून ते सुटे दिसत नाहीत. ३८४० असले, म्हणजे ज्याला 'फोर-के' म्हणतात तो संच असला, तर पावणेतीन फुटांपलीकडूनच ते एकमेकांत मिसळतात. आपल्या दिवाणखान्यात बसायचे अंतर आठ-दहा फूट असते. तेथून या दोन पडद्यांतील ठिपक्यांचा भेद डोळ्याला कळणे कठीण. रंग, काळोख आणि उजेड यांतील फरक तेवढ्या अंतरावरूनही दिसतो, हे खरे. पण केवळ ठिपक्यांच्या संख्येसाठी जास्त पैसे मोजायचे असतील, तर आधी घरी जाऊन फूटपट्टी लावावी.

तिसरे कारण बसण्याची जागा. आपल्या घरात सगळेच काही पडद्यासमोर बसत नाहीत. कोणी दिवाणावर, कोणी खाली सतरंजीवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडीत. एलसीडी पडद्यांचे दोन प्रकार फार आढळतात. 'व्हीए' पडद्यात समोरून काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने चित्र फिके पडते. 'आयपीएस' पडदा बाजूनेही बरा दिसतो, परंतु अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. म्हणजे एकाच संचाला समोरच्या खुर्चीतून पाच तारे आणि स्वयंपाकघराच्या दारातून तीन! गुण देणारा बहुधा खुर्चीत बसलेला असतो.

आवाजाची गोष्टही अशीच. जुन्या पेटीला खोली होती आणि तिचा स्पीकर ऐकणाऱ्याच्या तोंडासमोर असे. पडदा चपटा झाला, तसे स्पीकर लहान होऊन पुष्कळ संचांत खाली किंवा मागे गेले. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. त्यातून उतारवयात प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. त्यामुळे आवाज वाढविला तरी गलका वाढतो, शब्द उमगत नाही. आईंचे मन उडाले नव्हते. त्यांच्यापर्यंत व्यंजनेच पोहोचत नव्हती.

आता इतरांनी दिलेले गुण कसे वाचावेत? समजा, एका संचाला शंभर जणांनी प्रत्येकी चार तारे दिले. सरासरी चार. दुसऱ्याला पंचाहत्तर जणांनी पाच आणि पंचवीस जणांनी एक तारा दिला; त्याचीही सरासरी चारच. पहिला संच सर्वांना बरा वाटला. दुसरा घेणाऱ्या दर चौघांत एकजण पस्तावला. सरासरीचा आकडा हा भेद सांगत नाही, म्हणून ताऱ्यांची वाटणी पाहावी. संख्याही पाहावी. पाच जणांच्या मतांवर ४.८ आलेली सरासरी सहाव्याने एक तारा देताच ४.२ च्या खाली येते. दोन हजारांच्या मतांवरची सरासरी एकाच्या मताने जागची हलत नाही.

शिवाय लिहितो कोण, हेही पाहिले पाहिजे. वस्तू आवडेल असे वाटते तोच मुळात ती विकत घेतो. आणि घेणाऱ्यांतही अत्यंत खूश झालेला किंवा अत्यंत चिडलेलाच लिहिण्याची तसदी घेतो. मधला, जेमतेम समाधानी माणूस गप्प राहतो. म्हणून अशा अभिप्रायांत पाच ताऱ्यांची रास, एका ताऱ्याचा लहान ढीग आणि मध्ये ओसाडी, असे चित्र वारंवार दिसते. त्यात पैसे देऊन लिहविलेल्या स्तुतीची भर पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत व कसे प्रसिद्ध करावेत यासाठी आयएस १९००० हे मानक काढले, ते याच कारणाने. आणखी एक घोटाळा टाळावा : संचावर चिकटविलेले तारे विजेच्या बचतीचे असतात. चित्राशी किंवा आवाजाशी त्यांचा संबंध नाही.

तर मग मालकाच्या मताला किंमत नाही काय? आहे, आणि फार आहे. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर्स युनियन या संस्थेने येथे उत्तम विवेक दाखविला आहे. संस्था बाजारातून स्वतः वस्तू विकत घेऊन प्रयोगशाळेत त्यांची परीक्षा करते, आणि आपल्या सभासदांना निराळे विचारते की वस्तू किती टिकली, दुरुस्त किती वेळा करावी लागली. चित्राची तेजस्विता यंत्राने मोजता येते. दीड वर्षाने पडद्यावर पट्टा उमटला काय, कारागीर किती दिवसांनी आला, सुटा भाग मिळाला काय, हे मात्र ज्याच्या घरी संच आहे तोच सांगू शकतो. आपल्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. या साऱ्यांमागे ग्राहकाने डोळस व्हावे आणि दुसऱ्या ग्राहकाच्या उपयोगी पडावे, हीच भावना आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की गुण घाईने देऊ नयेत. दोन दिवसांनी दिलेला गुण नवलाईचा असतो. तीन महिन्यांनी द्यावा आणि जमल्यास वर्षाने पुन्हा सुधारावा. गुणासोबत कारण लिहावे : खोली केवढी, किती फुटांवरून पाहतो, दिवसा उजेड कसा येतो. आणि गुण देण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारावे. विशेषतः जे आपण होऊन काही बोलत नाहीत, त्यांना.

आमचे म्हणाल, तर आम्ही एक लहान स्पीकर आणून आईंच्या खुर्चीजवळ ठेवला. दुपारचे कीर्तन पुन्हा सुरू झाले. त्याच दिवशी आम्ही आमचे पाच तारे खोडून तीन केले आणि खाली लिहिले : "चित्र उत्तम. परंतु घरात वयस्क माणूस असल्यास आवाजासाठी निराळी सोय करावी लागेल. तेवढा खर्च धरून चालावे." तो मजकूर वाचून कोण्या अनोळखी घरातील आजीबाईंना मालिकेतले संवाद पहिल्या दिवसापासून ऐकू आले, तर आमच्या त्या दोन ओळी सार्थकी लागल्या असे आम्ही समजू.