२१ हजारांचा दाखला

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात आम्ही वीस वर्षांपासून वकिली करतो. कोर्टाला लागूनच तहसील कचेरी. त्यामुळे फी देणाऱ्या पक्षकारांपेक्षा कागद दाखवायला येणारी आपली माणसेच आमच्या टेबलाभोवती जास्त. २०२१ साली अशीच एक मावशी आली. वय साठीच्या घरात, नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली, जमीन गुंठाभरही नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा तिचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण काय, तर उत्पन्न जास्त!

किती जास्त? तलाठ्याने विचारले, तिने खरे सांगितले. दोनशे रुपये रोज आणि वर्षाकाठी दीडशे दिवस काम. दाखला निघाला ३० हजारांचा. योजनेची अट मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, म्हणजे महिना १७५० रुपये. दोनशे रुपये रोजाने १०५ दिवस खुरपले की २१ हजार भरतात. १०६ व्या दिवशी हातात खुरपे घेतले की बाई शासनाच्या लेखी निराधार राहत नाही. आणि हे सारे कशासाठी? त्या वेळच्या दरमहा एक हजार रुपयांसाठी.

कचेरीबाहेर कोणीतरी तिला सांगितले होते, वीस हजारांचा दाखला आणा, काम होईल. तिने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, समदे तसाच आणतेत. मी बी खोटा दाखला आणू का?"

वाचकहो, कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाने यावर काय उत्तर द्यावे? आम्ही म्हणालो, "नाही मावशी, खोटे लिहू नका. आपण रीतसर भांडू." अर्ज केले, निवेदने दिली, वर्ष गेले, मंजुरी आली नाही. तिच्याच गल्लीतल्या, तिच्याइतक्याच गरीब दोघींनी वीस हजारांचा दाखला आणला आणि त्यांचे पैसे सुरू झाले. त्या दोघींना आम्ही बोगस म्हणणार नाही. बोगस आहे ती अट. आधी अट अशी ठेवायची की खरा गरीब खोटे बोलल्याशिवाय आत येऊच नये, आणि मग लाभार्थ्यांत बोगस फार म्हणून तपासणी लावायची!

ही रीत जुनी आहे. २००२ साली दारिद्र्यरेषेची यादी करताना तेरा प्रश्न आणि ५२ गुण ठेवले होते. त्यात अंगावरचे कपडे किती, हाही एक प्रश्न होता. लेकीने दिलेले लुगडे लपवावे की दाखवावे, हा विचार गरिबाने करायचा.

मग आले २०२४. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. दरमहा १५०० रुपये आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले तर उत्पन्नाचा दाखलाही नको. याच वेळी निराधार योजनेचे अनुदानही १५०० रुपयेच होते, अट मात्र २१ हजारांची. एकच सरकार, एकच तिजोरी, रक्कमही एकच. मतदार बहिणीला अडीच लाख आणि विधवा निराधाराला २१ हजार! आमच्या मावशीने फॉर्म भरला आणि तीन वर्षे जे मिळाले नाही ते चार महिन्यांत खात्यात आले. आम्ही इतके कागद घासले त्याला काय अर्थ उरला?

दुसरीकडे ओरड सुरूच असते. २०२२ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली आणि पुढे त्यांच्याच पक्षाने राज्याराज्यांत रेवड्या वाटल्या. राजकारण्यांचे सोडा. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचे प्रकरण चालू होते. न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन मसीह यांच्या खंडपीठाने तोंडी विचारले की, फुकट योजनांमुळे आपण परोपजीवींचा वर्ग तर तयार करीत नाही ना? महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळेनात, हा अनुभवही न्या. गवई यांनी सांगितला. बेघरांना मुख्य प्रवाहात आणून देशाच्या विकासात हातभार लावू द्यावा, असेही खंडपीठ म्हणाले, ते आम्ही लपवत नाही. पण हा शब्द आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकताना आम्हाला वाईट वाटले. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून आम्ही असहमत आहोत.

दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. पन्नास रुपयांसाठी दोनशेचा रोज कोण सोडेल? मग गावातला बागाईतदार का चिडला आहे? पन्नास रुपये घरात असले की बाई ताप असताना कामाला येत नाही. कमी रोज सांगितला तर दुसऱ्या शेतावर जाते. तिला एक दिवस नाही म्हणता येते. वतनाच्या काळात आमच्या बापजाद्यांना नाही म्हणता येत नव्हते. दिवसरात्र गावकी करायची आणि संध्याकाळी भाकरी मागायला जायचे. त्या भाकरीला गाव बलुते म्हणत असे आणि देताना मात्र भीक घातल्यासारखी वरून टाकत असे. ती लाचारी बाबासाहेबांनी सोडायला लावली.

पण याच इतिहासामुळे आमच्या शिकलेल्या लोकांची एक गफलत होते. भीक मागायची नाही हे ते शिकले, आणि आता वस्तीतल्या बाईने रेशन घेतले तरी त्यांना ती भीक वाटते. कॉलनीतल्या विहारात बसून "आपले लोक फुकटाला सोकावले" असे म्हणणारे साहेब आम्ही ऐकले आहेत. यातलेच कित्येक २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संपावर होते. त्यांची मागणी रास्त होती आणि आम्ही तिच्या बाजूने लिहिलेही. म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढेच ते मागत होते. मावशी वेगळे काय मागते? तिने चाळीस वर्षे कापूस वेचला, त्या नोकरीचे सेवापुस्तक कुणी ठेवले नाही, एवढाच फरक.

संविधानाचा अनुच्छेद ४१ काढून पाहा. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क, असे शब्द तिथे आहेत. शासनाच्या ऐपतीची मर्यादा त्याला आहे, आणि अनुच्छेद ३७ मुळे कोर्टात तो थेट मागता येत नाही, हेही खरे. पण शब्द 'हक्क' आहे, 'कृपा' नाही. त्याच्याही वीस वर्षे आधी, २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतिणीला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची मांडणी होती. आणि सरकारची ऐपत किती? पासष्टीच्या गरिबाच्या पेन्शनीत केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता, तो २०२४ मध्येही २०० रुपयेच होता. एवढ्या वर्षांत खासदार-आमदारांचे भत्ते किती वाढले, ते वाचकांनी आठवून पाहावे.

लाडकी बहीण योजना वयाच्या ६५ व्या वर्षी थांबते. पुढे श्रावणबाळ योजनेचा रस्ता आहे आणि तिलाही उत्पन्नाची अट आहे. मावशीला आता पासष्ट पूर्ण होतील. गेल्या आठवड्यात ती पुन्हा आमच्या टेबलाशी आली होती. रेशनकार्ड, आधार, पासबुक सगळे पिशवीत नीट घडी घालून आणले होते. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "साहेब, या वक्ताला दाखला किती रुपयांचा आणू, ते आधी सांगा."