पाकीट चोख, तर माल चोख



बैठकीत पॅकिंगचा विषय निघाला की आपण दोन प्रश्न विचारतो. पाकीट दिसतंय कसं, आणि नगामागं पडतंय कितीला? दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. या अंकात मला तिसरा प्रश्न मांडायचाय. त्या पाकिटातून आपल्या मालाला काही लागतं का?

लागतं म्हणजे धूळ, केस, मुंग्या म्हणत नाहीये मी. त्याची काळजी आपण घेतोच. डोक्याला रुमाल बांधतो, ओटा पुसतो, हळद वस्त्रगाळ करतो. मी बोलतेय ते रसायनांबद्दल. छपाईची शाई, प्लास्टिक मऊ करायला घातलेले तेलकट पदार्थ, शेजारी ठेवलेल्या फिनेलचा वास, फवारणीच्या औषधाचा अंश. हे डोळ्याला दिसत नाही, चाळणीत अडकत नाही, आणि एकदा पापडात किंवा चटणीत उतरलं की काढता येत नाही. गिऱ्हाईक पाकीट फोडतं, नाकाजवळ नेतं आणि "कसला तरी वास येतोय" म्हणून बाजूला ठेवतं. पुन्हा ते आपल्या स्टॉलवर येत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा धंदा हौसेचा नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जायचं की गावात राहून लेकरांची शाळा सांभाळायची, हे काही घरांत या पापड-चटणीच्या पैशावर ठरतं. म्हणून एक लॉट परत येणं ही छोटी गोष्ट नाही.

फिल्टरच्या पॅकिंगपासून काय शिकायचं?

आता थोडं लांबचं उदाहरण देते, पण ते आपल्या कामाचं आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये लसी बनतात. लस किंवा इंजेक्शन बाटलीत भरायची खोली म्हणजे "क्लीन रूम". तिथली हवा सतत गाळली जाते. गाळायला जो फिल्टर असतो त्याला हेपा फिल्टर म्हणतात. काचेच्या अतिशय बारीक तंतूंचा कागदासारखा पडदा, त्याच्या घड्या घालून चौकटीत बसवलेला. ०.३ मायक्रॉनचे कण तो शंभरातले ९९.९७ अडवतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपली पिठाची चाळणी त्याच्यापुढं काहीच नाही.

पण इतकी बारीक चाळणीसुद्धा वाफ आणि वास अडवत नाही. कण अडकतो, वाफ पार जाते. वाफेसाठी खास कोळशाचा वेगळा फिल्टर लागतो. हा कोळसा हवेतली रसायनं शोषून घेतो. तोच गोदामात उघडा पडून राहिला, तर तिथल्याच रंगाची, डिझेलची वाफ शोषत बसतो आणि कामाला लावायच्या आधीच निम्मा वाया जातो.

त्याहून मोठा धडा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांना १९९० च्या दशकात मिळाला. त्यांच्या क्लीन रूममध्ये कण जवळपास नव्हते, तरी चिप बिघडत होत्या. शोध घेतल्यावर कळलं की फिल्टरच्या काचतंतूंमधूनच बोरॉन सुटतंय, आणि फिल्टर चौकटीत बसवायच्या चिकट मसाल्यातून फॉस्फरसचे पदार्थ हवेत जातायत. म्हणजे ज्याला स्वच्छतेसाठी आणलं, त्यानंच घाण केली.

म्हणून असे फिल्टर पॅक करताना तीन गोष्टी पाळतात. पहिली, फिल्टर जिथं बनतो तिथंच, स्वच्छ जागेत, लगेच पिशवीत बंद करायचा. दुसरी, पिशवी अशी घ्यायची जिच्यातून स्वतःचं काही सुटत नाही. मऊ पीव्हीसी टाळायचं, आणि पुठ्ठा फिल्टरला लागू द्यायचा नाही, तो बाहेरच. तिसरी, पिशव्या दोन घालायच्या. बाहेरची पिशवी प्रवासाची घाण झेलते. ती आधीच्या खोलीत काढतात आणि आतली पिशवी क्लीन रूममध्ये गेल्यावरच फोडतात.

हे तीनही नियम आपल्या पापडाला, चटणीला, शेवयांना जसेच्या तसे लागू होतात. आपला माल त्या कोळशासारखाच आहे. पीठ, तीळ, चहा, कारळ, शेंगदाणा हे सगळे वास ओढून घेतात. तेलकट पदार्थ तर जास्तच ओढतात.

घरी करून बघायचा प्रयोग

पटत नसेल तर हे करून बघा. पातळ पॉलिथिनच्या पिशवीत दोन चमचे तीळ बांधा. दुसऱ्या तशाच पिशवीत कापराची वडी बांधा. दोन्ही पुरचुंड्या एका झाकणाच्या डब्यात शेजारी ठेवा. दोन-तीन दिवसांनी तिळाची पिशवी बाहेर नेऊन सोडा आणि वास घ्या. पिशवीला भोक नाही, गाठ पक्की आहे, तरी तिळाला कापूर लागलेला असेल. नंतर ते तीळ टाकून द्या, खाऊ नका. हा प्रयोग पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर केला तर माझ्या लेखापेक्षा जास्त पटेल.

रसायन येतं कुठून?

*१. रद्दी आणि शाई.* वर्तमानपत्राची शाई खाण्यासाठी बनवलेली नसते. तेलकट भजं रद्दीवर ठेवलं की अक्षरं भज्यावर उमटतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरता येत नाही, आणि पाकिटाची छापलेली बाजू अन्नाला लागता कामा नये. म्हणून पापड वाळवताना, कुरडया झाकताना रद्दी नको. धुतलेलं सुती कापड घ्या.

शाई बाहेरच्या बाजूला असली म्हणून निर्धास्त राहू नका. २००५ मध्ये इटलीत लहान बाळांच्या तयार दुधात छपाईच्या शाईतलं एक रसायन सापडलं होतं. छपाई बाहेरून होती, पण पॅकिंगचा कागद गुंडाळून ठेवल्यावर बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते, तिथून ते आत आलं. आपली छापील पाकिटं ओली शाई असताना एकावर एक रचली तर तेच होईल. छपाईहून आलेल्या पाकिटाला आतून वास येत असेल तर ती वापरू नका, परत करा.

*२. प्लास्टिक.* प्लास्टिकमधून थोडंफार काही अन्नात उतरतंच, हे कायद्यानंही धरलेलं आहे. म्हणूनच त्याला मर्यादा घातलीय. १ किलो अन्नात पाकिटातून सगळं मिळून ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नये. हे मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी आहे. ही मर्यादा पाळलेलं प्लास्टिक म्हणजे आपण म्हणतो ते "फूड ग्रेड". बाजारातली काळी, रंगीत, उग्र वासाची पिशवी त्यात बसत नाही. गरम माल, तेल आणि आंबट या तिन्हीनं उतरणं वाढतं. म्हणून चटणी पूर्ण गार झाल्याशिवाय भरायची नाही. गरम भरली तर आत पाणी सुटून बुरशीही येते. लोणच्याला काचेची बरणी सगळ्यात बरी.

*३. खोके.* किराणा दुकानातून साबणाचे, अगरबत्तीचे रिकामे खोके आणून त्यात पाकिटं भरायची सवय मोडायला हवी. साधे पुठ्ठेसुद्धा बऱ्याचदा जुन्या रद्दीपासून बनतात. २०१० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या अन्न प्रयोगशाळेनं दाखवलं की अशा पुठ्ठ्यात राहिलेलं शाईतलं खनिज तेल वाफ होऊन कोरड्या धान्याच्या पदार्थांत उतरतं. आत साधी पॉलिथिनची पिशवी असली तरी उतरतं. कापराचा प्रयोग आठवा.

*४. आजूबाजूची जागा.* बीड जिल्ह्यात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. आपल्याकडं कापूस आहे, सोयाबीन आहे, आणि फवारणीचं औषध घराघरात आहे. युरियाच्या गोण्या धुऊन त्यात ज्वारी, डाळ भरतात. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचा वायू त्याच खोलीत सुटतो. पंप कोपऱ्यात, पापडाची रास पलंगाखाली. फिनेलचा निदान वास येतो. फवारणीच्या औषधाचा अंश वासावरून ओळखू येईलच असं नाही. म्हणून "वास नाही, म्हणजे माल ठीक" असं धरू नका. जागाच वेगळी ठेवणं हा एकच उपाय आहे.

भरताना काय करायचं?

भरायची आणि साठवायची खोली एकच ठरवा. त्या खोलीत औषध, खत, रॉकेल, फिनेल, रंगाचा डबा काहीच नको. भरायच्या दिवशी तिथं अगरबत्ती, धूप, मच्छरची कॉइल लावू नका. देवाला नमस्कार करा, उदबत्ती दुसऱ्या खोलीत लावा. फरशी आदल्या दिवशी पुसून घ्या आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यानं.

हात बिनवासाच्या साबणानं धुऊन कोरडे करा. सुगंधी तेल, पावडर, नेलपॉलिश त्या दिवशी नको. माल स्टीलच्या परातीत काढा.

कामं वाटून घ्या. भरणारी ताई फक्त भरेल. लेबल चिकटवणं, शिक्का मारणं, मार्करनं तारीख टाकणं हे दुसऱ्या ताईनं, पाकीट सील झाल्यावर आणि वेगळ्या टेबलावर करायचं. शाईचा हात मालात जायला नको.

पाकीट सील केलं की अलगद दाबून बघा, हवा सुटतेय का. मग १० किंवा २० पाकिटं एका मोठ्या स्वच्छ पिशवीत घालून बांधा आणि ती पिशवी नव्या कोऱ्या खोक्यात ठेवा. हीच आपली दुसरी पिशवी. माल टेम्पोत खताच्या गोणीशेजारी जातो, ट्रॅव्हल्सच्या डिकीत डिझेलच्या वासात रात्रभर राहतो. महालक्ष्मी सरसच्या स्टॉलवर पोचल्यावर बाहेरची पिशवी स्टॉलमागं काढा आणि आतली कोरी पाकिटं पुढं मांडा.

जास्त दिवस टिकवायचा मसाला, चटणी असेल तर साध्या पॉलिथिनऐवजी अनेक थरांचं, आत चंदेरी पडदा असलेलं पाकीट घ्या. त्यातून वास सहजी आत-बाहेर करत नाही. दुकानदाराकडून बिलावर "फूड ग्रेड" असं लिहून घ्या. तोंडी शब्दावर विश्वास नको.

पण खर्च?

हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. आपण हिशेब करू. समजा चांगलं पाकीट नगामागं १ रुपया महाग पडलं. १०० पाकिटांना १०० रुपये जास्त. आता तीच १०० पाकिटं ६० रुपयांची आहेत आणि वासामुळं परत आली. ६,००० रुपये गेले, त्यातच तेल, मसाला, मजुरीही गेली. एक लॉट परत येण्याच्या पैशात ६० लॉटच्या चांगल्या पाकिटांचा जादा खर्च निघतो. हा हिशेब बैठकीत फळ्यावर मांडा, तुमच्या मालाच्या भावानं.

सीलिंग मशीन आणि पाकिटांसाठी पैसा लागत असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागं ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. ते छोटी साधनं आणि खेळतं भांडवल यासाठी असतं. सध्या अर्ज घेतायत का, हे सीआरपीताईंना विचारा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न घ्या

१. आपली भरायची खोली कोणती? तिथून औषध-खत कधी हलवणार, कोण हलवणार?
२. आत्ताची पाकिटं फूड ग्रेड आहेत, याचा कागद आपल्याकडं आहे का?
३. रद्दी आणि जुने खोके कुठं कुठं वापरतोय?
४. भरणारी कोण, लेबल लावणारी कोण?
५. प्रत्येक लॉटमधलं एक पाकीट आपल्याकडं ठेवून महिन्यानं फोडून बघायचं. ही जबाबदारी कुणाची?

उत्तरं इतिवृत्तात लिहा, नावासकट. बचतीची नोंद आपण जितक्या काटेकोरपणे ठेवतो, तितकीच ही ठेवायची. आणि कापराचा प्रयोग केलात की काय झालं ते प्रभागसंघात कळवा. पुढच्या अंकात ते अनुभव छापू.