सॉकेटच्या आज्ञावलीत पत्त्याचे स्थान

पत्ता स्थळाचा असला, तरी त्याची रचना पोचविणाऱ्याच्या सोयीने ठरते. विंचूरचा ४२२३०५ हा पिन क्रमांक पाहावा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेल्या व १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत ४ हा अंक विभाग, ४२२ हे अंक नाशिकचे वर्गीकरण-क्षेत्र आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दर्शवितात.

संगणकाच्या जाळ्यातील आयपी पत्ताही असाच असतो: आरंभीचे बिट जाळे सांगतात, उरलेले यंत्र. यंत्रावरील नेमकी सेवा गाठण्यासाठी १६ बिटांचा पोर्ट क्रमांक लागतो. म्हणून पायथॉन भाषेत सॉकेट जोडताना पत्ता आणि पोर्ट एकत्र द्यावे लागतात.

अडचण पत्त्याच्या रूपाची आहे. १९८१ साली प्रमाणित झालेल्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा असून टिंबांनी लिहितात. सहावीचा १२८ बिटांचा असून त्यात अपूर्णविराम येतात. पहिल्या अपूर्णविरामाशी मजकूर तोडून पोर्ट काढणारी आज्ञावली दुसऱ्या रूपापुढे फसते. विंचूरच्या उपबाजारातील कांद्याचे भाव पाहणाऱ्याचा मोबाइल केवळ सहाव्या आवृत्तीच्या जाळ्यावर असेल आणि आज्ञावलीत जुन्या रूपाचा पत्ताच लिहून ठेविला असेल, तर भाव त्याच्यापर्यंत पोचण्याची शाश्वती राहत नाही.

यावर उपाय ‘गेटअ‍ॅडरइन्फो’ हे फलन होय. त्यास नाव व पोर्ट दिल्यास ते उपलब्ध पत्त्यांची यादी, प्रत्येकाच्या कुलासह, परत करते. आज्ञावलीने त्या कुलाचे सॉकेट उघडावे व जोडणी होईपर्यंत क्रमाने प्रयत्न करावा. पत्त्याच्या रूपाविषयी तिने स्वतः काहीही गृहीत धरू नये.