वॉटरडीपला जाताय? तलवार म्यानात, सुटे पैसे हातात!

ड्रॅगन मारून आलात? शाबास! पण हातातला कागद रस्त्यावर टाकू नका. वॉटरडीपमध्ये कचरा केला तर दोन सोन्याच्या नाण्यांपर्यंत दंड होतो, आणि तो वसूल करणारा शिपाई तुमच्या पराक्रमाच्या कथा ऐकायला थांबत नाही.

वॉटरडीप हे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातलं गाजलेलं शहर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ बाजारात आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि जगायचं की मरायचं ते फासे ठरवतात. कॅनडात ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या एड ग्रीनवूड यांनी लहानपणापासून मनात रचलेलं 'फरगॉटन रेल्म्स' हे जग १९८७ मध्ये या खेळात दाखल झालं. वॉटरडीप हे त्यातलं सर्वांत मोठ्या दिमाखाचं बंदर. नव्या साहसवीरांना वाटतं की इथे भीती राक्षसांची. इथला जुना रहिवासी मात्र काय सांगेल, ते वाचा.

राजा कोण, हे विचारू नका

इथे राजा नाही. कारभार पाहतात 'लॉर्ड्स ऑफ वॉटरडीप', आणि ते कोण आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. दरबारात ते मुखवटा आणि झगा घालून येतात, आवाजसुद्धा जादूने बदललेला. तुमच्याशी भाजीच्या भावावरून वाद घालणारा माणूस संध्याकाळी तुमच्याच खटल्याचा निकाल देत असेल. चेहरा दिसतो फक्त एकाचा, 'ओपन लॉर्ड'चा. सध्या ती गादी लेरल सिल्व्हरहँड या जादूगारणीकडे आहे. गंमत म्हणूनही आपण लॉर्ड असल्याची थाप मारू नका. त्याला शिक्षा एकच: मृत्युदंड.

नाणी मोजून घ्या, जाताना खर्चून टाका

तांब्याचं निब, चांदीचं शार्ड, सोन्याचं ड्रॅगन, प्लॅटिनमचं सन. इथवर सोपं आहे. मग दुकानदार तुमच्या हातावर पितळेचं चौकोनी, मधोमध भोक असलेलं नाणं ठेवतो. हा 'टाओल'. शहरात त्याची किंमत दोन ड्रॅगन, वेशीबाहेर बहुतेक व्यापारी त्याला हातही लावत नाहीत. चंद्रकोरीच्या आकाराचं 'हार्बर मून' त्यापेक्षा बरं: शहरात पन्नास ड्रॅगन, बाहेर तीस. थोडक्यात, पाहुण्याने पैसा इथेच उडवावा याची सोय टांकसाळीतच करून ठेवली आहे.

शस्त्र दाखवाल तर दहा दिवस आत

विनाकारण शस्त्र उपसलं तर दहा ड्रॅगनपर्यंत दंड, दहा दिवसांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे दहा दिवस म्हणजे इथला एक आठवडा. फरगॉटन रेल्म्समधला महिना तीस दिवसांचा आणि आठवडे त्यात तीनच. रविवारची वाट बघायची सवय असेल तर मन घट्ट करा. 'सिटी वॉच' म्हणजे पोलीस आणि 'सिटी गार्ड' म्हणजे लष्कर, हा फरक पहिल्याच दिवशी पाठ करा. दोघांनाही चिडवू नका.

गिल्डला विचारल्याशिवाय खिळाही ठोकू नका

या शहरात प्रत्येक धंद्याची गिल्ड, म्हणजे संघटना, आहे. खानावळवाल्यांची आहे, मेणबत्त्या आणि दिवेवाल्यांची आहे, रस्त्यावरचं शेण उचलणाऱ्यांचीही आहे, आणि त्या शेवटच्यांचा मान मोठा, कारण ते संपावर गेले तर उमरावांच्या वाड्यांनाही वास चुकणार नाही.

२०१८ साली आलेल्या 'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट' या साहसकथेत याची खरी मजा आहे. कामगिरी फत्ते केल्यावर नायकांना रोख मोबदला मिळत नाही, मिळते एक पडीक खानावळ, 'ट्रोलस्कल मॅनर'. तिच्यात भूत आहे, ते जुन्या मालकाचं. पण खेळाडूंच्या नाकी नऊ आणतात ते गिल्डचे प्रतिनिधी. एकामागून एक दारात उभे राहतात आणि प्रत्येकाच्या हातात फीची मागणी असते. भूत निदान पावती मागत नाही.

विहिरीत उतरायलाही तिकीट

'यॉनिंग पोर्टल' या मद्यगृहाच्या मधोमध चाळीस फूट रुंद विहीर आहे. एकशे चाळीस फूट खाली गेलं की 'अंडरमाउंटन', म्हणजे हॅलॅस्टर ब्लॅकक्लोक या वेड्या जादूगाराने पोखरलेलं भुयारांचं जाळं. खेळाच्या पुस्तकात त्याचे तेवीस मजले दिले आहेत. मालक ड्यूर्नन माणशी एक सोन्याचं नाणं घेऊन दोराने खाली सोडतो आणि वर ओढायला पुन्हा एक घेतो. खाली कितीही खजिना सापडो, परतीचं नाणं वेगळं बांधून ठेवा. आणि विहिरीला लागून असलेलं टेबल टाळा. अधूनमधून खालून ट्रोल नावाचा राक्षस वर चढून येतो आणि तो तिकीट काढत नाही.

डबा खायचा तर कबरस्तानात

बाग शोधताय? 'सिटी ऑफ द डेड'मध्ये जा. तटबंदीने वेढलेलं हे कबरस्तान दिवसभर सर्वांना खुलं असतं. लोक इथे फिरायला येतात, पोरं खेळतात, प्रेमी युगुलं कोपरे शोधतात. काही थडग्यांची दारं जादूने दुसऱ्याच जागेत उघडतात, त्यामुळे गर्दी कितीही झाली तरी मृतांना जागा कमी पडत नाही. अंधार पडण्याआधी मात्र पहारेकरी सगळ्यांना बाहेर काढून दरवाजे लावून घेतात. का, ते विचारू नका, निघा.

पुतळ्यात भाड्याने खोली

संकट आलं की चालत येऊन शत्रूला तुडवणारे नव्वद फुटी दगडी पुतळे, अशी शहराच्या आठ 'वॉकिंग स्टॅच्यूज'ची ख्याती. पुढे एका जादुई उत्पाताने त्यांना झिंगल्यासारखं केलं. काही भरकटले, काही कोसळले, काही होते तिथेच थिजले. नागरिकांनी हळहळ व्यक्त केली आणि मग त्यांच्या अवतीभवती घरं बांधली. 'गॉड कॅचर' या पुतळ्याला खेटून तर भाडेकरूंची आख्खी वस्ती उभी आहे.

ड्रॅगनलाही परवाना

अघेरॉन या जादूगाराने जुलमी सत्ताधीशाला हटवून मुखवटेधारी लॉर्डांची पद्धत सुरू केली. त्याचीच दुसरी देणगी म्हणजे 'ड्रॅगनवॉर्ड', शहराभोवतीचं अदृश्य कवच. ठराविक जादुई दंडाचा स्पर्श झाल्याशिवाय कोणताही ड्रॅगन आत येऊ शकत नाही. अघेरॉनच्या मनोऱ्याजवळ मात्र फार पुढे जाऊ नका. त्याच्याभोवतीच्या संरक्षक जादूत अडकलेला एक सांगाडा अजून हवेत लटकतो आहे. 'आत येऊ नये' ही पाटी लावायची गरजच उरलेली नाही.

डॉनचा जीव गोल्डफिशमध्ये

शहराखालच्या गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या झॅनाथार हा 'बिहोल्डर' आहे: हवेत तरंगणारा गोळा, मधोमध एक मोठा डोळा आणि डोक्यावर दहा लवलवते डोळे, प्रत्येकातून निघणारा किरण वेगळा. याचा लाडका कोण? सिल्गार नावाचा गोल्डफिश. त्याची देखभाल करायला खास माणूस नेमलेला आहे, आणि टोळीतली सर्वांत जोखमीची नोकरी तीच असावी.

दारात ट्रोल आले तर खाऊ द्या

'ट्रोलटाइड'च्या दिवशी पोरं ट्रोलसारखी गुरगुरत घरोघर फिरतात आणि खाऊ मागतात. ट्रोलांशी झालेल्या जुन्या युद्धातल्या विजयाची ही आठवण. शिमग्याला पोस्त मागत फिरणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हा सण लगेच कळेल. त्या दिवशी दारातल्या प्रत्येक ट्रोलवर तलवार चालवणारा नायक शहरात फार टिकत नाही.

गाईडचं ऐका, पण अर्धंच

व्होलो हा या जगातला प्रवासवर्णनकार: बोलघेवडा, हौशी आणि खिशाने फाटका. वर सांगितलेली भुताची खानावळ नायकांच्या गळ्यात मारणारा हाच. गंमत म्हणजे त्याच्या नावाचं 'व्होलोज गाईड टू वॉटरडीप' हे पुस्तक १९९२ मध्ये खरोखर छापून आलं. लिहिलं अर्थात ग्रीनवूड यांनीच. नसलेल्या शहरातली खाण्यापिण्याची ठिकाणं सांगणारं ते खरंखुरं पुस्तक आहे.

फासे नकोत? तरी शहर आहेच

२०१२ च्या 'लॉर्ड्स ऑफ वॉटरडीप' या बोर्डगेममध्ये खेळाडू स्वतःच मुखवट्याआडचा लॉर्ड होतो. शूर योद्धे, चोर, जादूगार, धर्मगुरू हे सगळे त्यात रंगीत लाकडी ठोकळे असतात. कामाला लावायचे आणि वापरून झाले की ढिगात परत टाकायचे. शहर चालवणाऱ्यांना नायक कसे दिसतात, याचं इतकं प्रामाणिक दर्शन दुसरीकडे मिळत नाही. आणि २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये भाव खाऊन गेलेला जादूगार गेल हाही मूळचा वॉटरडीपचाच. त्याची सोबतीण टारा ही पंख असलेली मांजर आहे.

कल्पनेतली शहरं पुष्कळ आहेत. कुठे सोन्याचे मनोरे, कुठे तरंगते महाल. वॉटरडीप त्यांना पुरून उरतं ते शेण कोण उचलतं, दंड किती आणि सुटे पैसे कुठे चालतात, याची उत्तरं तिथे तयार असतात म्हणून. पुढच्या वेळी टेबलाभोवती बसाल तेव्हा विहिरीत उडी मारायची घाई करू नका. आधी दोन दिवस गावात काढा, गिल्डवाल्यांशी भांडा, कबरस्तानात डबा खा. ड्रॅगन कुठे पळून जात नाही. तसाही त्याला आत यायला परवाना लागतोच.