डिचोलीची मॅगी आणि शिशाचा आकडा

देशात मॅगी ज्या मोजक्या कारखान्यांत तयार होते, त्यांतला एक आपल्या डिचोलीत आहे. म्हणून ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीचे नऊही प्रकार बाजारातून परत घ्यायला लावले, तेव्हा गोव्याला ती बातमी घरचीच वाटली. उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात शिसे १७.२ पीपीएम निघाले होते. मुभा होती २.५ ची.

ऑगस्टमध्ये केंद्र सरकार ग्राहकांच्या वतीने राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेले आणि ६४० कोटींची भरपाई मागितली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. मॅगी बनवणाऱ्या कंपनीची बाजू प्राधिकरणाने नीट ऐकली नव्हती आणि चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना शिसे मोजण्याची मान्यताच नव्हती. मोहाली, हैदराबाद, जयपूरला फेरतपासणी झाली. सगळे नमुने मर्यादेत निघाले. भरपाईचा दावा रखडत रखडत एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला गेला.

पण मर्यादेत म्हणजे किती? २.५ पीपीएमच्या हिशेबाने ७० ग्रॅमच्या पाकिटात १७५ मायक्रोग्रॅम शिसे कायद्याला चालले असते. कॅलिफोर्नियात दिवसाला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे पोटात जाणार असेल, तर विकणाऱ्याने आधी इशारा द्यावा लागतो. शिसे हाडांत साठते, मुलांच्या मेंदूला बाधते आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसे असलेले खायचेच कशाला, हा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या वकिलांना केला होता.

कॅलिफोर्नियाच्या १९८६ च्या त्या कायद्यात इशारा न दिल्यास कोणीही नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन दावा लावू शकतो. दंड दिवसाला २,५०० डॉलरपर्यंत. त्यातला चौथा हिस्सा दावा लावणाऱ्याला. काही वकिलांनी त्याचा धंदा केला, हे खरे. पण २०१८ मध्ये अशाच एका दाव्यात चॉकलेट कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून शिशाची मर्यादा ठरली आणि ते येते कुठून, याचा अभ्यासही कंपन्यांच्या खर्चाने झाला. आपल्या पाकिटांवर मीठ-साखर छापतात, तसा शिशाचा आकडाही छापायला हवा.

तोवर अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ४० हाताशी आहे. पेडण्याच्या बाजारात घेतलेल्या हळदीचा पिवळाधमक रंग खटकला आणि त्यात शिसे असेल अशी शंका आली, तर फी भरून कोणताही ग्राहक ती सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र तसा इरादा दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावा लागतो. माल नियमात बसत नसल्याचे अहवालात निघाले, तर फी परत मिळते.