रिलॅक्सर केलेल्या केसांची निगा : दोन टच-अपमधला काळ

रिलॅक्सर म्हणजे काय

रिलॅक्सर हे घट्ट कुरळे केस कायमचे सरळ करणारे तीव्र अल्कधर्मी मलम होय. त्याचा सामू १२ ते १४ च्या दरम्यान असतो. 'लाय' प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच साबण तयार करताना लागणारा कॉस्टिक सोडा, अल्प प्रमाणात असतो. 'नो-लाय' प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे मलम आणि ग्वानिडिन कार्बोनेटचे द्रावण लावण्यापूर्वी एकत्र केले जाते. त्यातून ग्वानिडिन हायड्रॉक्साइड तयार होते. घरी वापरण्याचे संच बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असतात. टाळूला तो तुलनेने कमी झोंबतो, पण केसांवर कॅल्शियमचा थर सोडतो आणि त्यामुळे केस रुक्ष व निस्तेज होतात. 'नो-लाय' म्हणजे सौम्य, हा समज म्हणून अर्धाच खरा आहे.

पार्श्वभूमी

या उत्पादनांचा मुख्य वापर आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये, विशेषतः अमेरिकेत, झाला. वाहतूक सिग्नलच्या पेटंटसाठी ओळखले जाणारे क्लीव्हलंडचे संशोधक गॅरेट मॉर्गन यांनी १९१३ मध्ये केस सरळ करणाऱ्या मलमाची कंपनी काढली. शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये स्थापलेली जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी रिलॅक्सरच्या बळावर वाढली. केस सरळ करणे ही अनेकींसाठी केवळ हौस नव्हती. नैसर्गिक कुरळ्या केसांमुळे नोकरीत आणि शाळेत अडवणूक होत असे. तशा भेदभावाला मनाई करणारा 'क्राउन' कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला, तोवर अमेरिकेतील एकाही राज्यात असा कायदा नव्हता. रिलॅक्सर केलेल्या केसांच्या निगेचे ज्ञान प्रामुख्याने या स्त्रियांनी आणि त्यांच्या केशकर्तनालयांनी अनुभवातून घडवले. त्वचारोगतज्ज्ञांच्या आजच्या सल्ल्यातील बराच भाग त्या ज्ञानाशी जुळतो.

केसाच्या आत होणारा बदल

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना डायसल्फाइड बंधांनी, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंच्या जोडणीने, बांधलेल्या असतात. केसाची ताकद आणि त्याचा आकार या दोन्ही गोष्टी या बंधांवर अवलंबून असतात. रिलॅक्सरमुळे त्यांतील बरेच बंध तुटतात, गंधकाचा एक अणू निघून जातो आणि लॅन्थिओनिन नावाचा नवा बंध तयार होतो. हा बदल उलटवता येत नाही. केसाच्या पृष्ठभागावर स्निग्ध आम्लाचा एक अतिशय पातळ थर असतो. पाणी त्यावरून घसरते आणि केस एकमेकांवर सहज सरकतात. अल्कलीमुळे तोही निघून जातो. परिणामी केस पाणी लवकर शोषतात, फुगतात, एकमेकांत अडकतात आणि विंचरताना अधिक घासले जातात. केसाचा डोक्याबाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो, त्यामुळे जखम भरते तसा तो भरून येत नाही. निगेने झीज मंदावते; झालेली हानी भरून निघत नाही.

सांधा : तुटीचे मुख्य स्थान

रिलॅक्सर लावल्यानंतर मुळाशी उगवणारा केस मूळच्या कुरळ्या रूपातच येतो. म्हणून ठरावीक काळाने या नव्या वाढीवर पुन्हा रिलॅक्सर लावतात; हाच टच-अप. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस सरासरीने महिन्याला सुमारे ०.८ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आठ आठवड्यांत साधारण दीड सेंटिमीटर नवी वाढ होते आणि तिच्यापुढे जुना, सरळ केलेला भाग असतो. एकाच केसात दोन वेगळ्या घडणीचे तुकडे असे एका रेषेवर मिळतात. ही रेषा म्हणजे सांधा. मुळाकडचा भाग बळकट पण वळणांचा, टोकाकडचा भाग सरळ पण दुबळा. ताण पडला की तो या दोहोंच्या सीमेवर एकवटतो. दिवस जातात तसा सांधा टाळूपासून दूर सरकतो, नवी वाढ गुंतू लागते आणि प्रत्येक विंचरण्याचा भार त्या रेषेवर वाढत जातो. दोन टच-अपमधल्या निगेचा जवळजवळ प्रत्येक नियम या एका गोष्टीतून निघतो.

गळणे आणि तुटणे यांतला फरक

कंगव्यात आलेला प्रत्येक केस तुटलेला नसतो. दिवसाला ५० ते १०० केस स्वाभाविकपणे गळतात. गळलेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसते. तुटलेल्या तुकड्याची दोन्ही टोके गाठीविना असतात. कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर पसरून पाहिले की भेद चटकन कळतो. लांब, पण गाठ नसलेले तुकडे दिसले तर केस सांध्याच्या आसपास तुटत आहे. सरळ, आखूड तुकडे दिसले तर टोके झिजत आहेत. पहिल्या स्थितीत विंचरणे आणि केशरचना बदलावी लागते, दुसऱ्या स्थितीत टोके कापावी लागतात. कारण न ओळखता केवळ उत्पादने बदलत राहण्यात पैसाही जातो आणि केसही.

गुंता सोडवणे

येथे एक खरी अडचण आहे. घट्ट कुरळा केस ओला असताना सैलावतो, म्हणून तो ओला किंवा कंडिशनर लावलेला असतानाच विंचरणे सोयीचे असते. रिलॅक्सर केलेला भाग मात्र ओला झाला की सर्वांत दुबळा होतो. एकाच केसाच्या दोन भागांच्या गरजा अशा परस्परविरोधी असतात. त्यावरचा मधला मार्ग पुढीलप्रमाणे आहे. धुतल्यानंतर पाणी सुती कापडाने दाबून टिपायचे, चोळायचे नाही. भरपूर निसरडेपणा देणारा कंडिशनर लावून केस अर्धवट वाळू द्यायचे, मग चार ते सहा भाग करून विरळ दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे जायचे. प्रत्येक बट सांध्याच्या थोडी खाली, टोकाकडच्या बाजूने चिमटीत धरली की कंगव्याची ओढ सांध्यापर्यंत पोहोचण्याऐवजी बोटांवर येते. मुळातला गुंता शेवटी, बोटांनी. घाईच्या सकाळी हे सारे जमत नाही. म्हणून केस धुण्याचा दिवस मोकळा ठेवण्याची प्रथा पडली आणि ती योग्यच आहे.

धुणे

आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा धुणे पुरेसे ठरते. कुरळ्या केसांवर टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही आणि रिलॅक्सर केलेल्या भागाने आपला स्निग्ध थर गमावलेला असतो. वारंवार शाम्पू केल्यास दोन्ही भाग कोरडे पडतात. शाम्पू टाळूवर चोळायचा, लांबीवरून फक्त फेस वाहू द्यायचा. 'नो-लाय' वापरणाऱ्यांसाठी अधूनमधून धातूचे अंश बांधून काढणारा, ईडीटीए असलेला शाम्पू उपयोगी असतो. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा थरही त्याने निघतो. प्रत्येक धुण्याला तो वापरला तर मात्र केस अधिकच रुक्ष होतात.

कंडिशनर, प्रथिने आणि तेल

क्षतिग्रस्त केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार अधिक असतो. कंडिशनरमधील बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारख्या घटकांवर धन भार असतो, म्हणून ते नेमके अधिक झिजलेल्या जागी चिकटतात आणि घर्षण कमी करतात. रिलॅक्सर केलेल्या केसांना हीच मदत सर्वांत अधिक होते. प्रथिनयुक्त उपचारांत केराटिन किंवा गव्हाच्या प्रथिनाचे बारीक तुकडे असतात. ते केसाच्या आत आणि भेगांत बसून तात्पुरता आधार देतात, तुटलेले बंध जोडत नाहीत. काही धुण्यांत निघूनही जातात. ओला केस ताणल्यावर लांबत जाऊन परत येत नसेल तर प्रथिनाची गरज मानली जाते, कोरडा केस ताणताच कटकन तुटत असेल तर ओलाव्याची. ही केशकर्तनालयांतली कसोटी आहे, प्रयोगशाळेतली नव्हे. पण दिशा दाखवायला ती पुरते. प्रथिनांचा अतिरेक केला तर केस ताठ होऊन अधिक तुटतो, आणि ही चूक फार सर्रास होते.

तेलांमध्ये खोबरेल तेलाचे स्थान वेगळे आहे, आणि त्यामागचे एक महत्त्वाचे संशोधन मुंबईत झाले. मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना केली होती. केसांतून होणारा प्रथिनांचा ऱ्हास फक्त खोबरेल तेलाने लक्षणीयरीत्या घटला. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, ही गोष्ट विसरू नये. धुण्याच्या आधी लावलेले तेल पाण्याने होणारी फुगवण कमी करते; धुतल्यानंतर लावायचे ते थेंबभर, टोकांना. तेल हा ओलाव्याला पर्याय नाही, ते फक्त असलेला ओलावा टिकवते.

उष्णता

टच-अप लांबवताना मुळांचा कुरळेपणा लपवण्यासाठी इस्त्री फिरवण्याचा मोह होतो. ओल्या केसावर तापलेली इस्त्री ठेवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ्या तयार होतात आणि तेथेच तो तुटतो. म्हणून केस पूर्ण कोरडा, उष्णतारोधक द्रव्य लावलेले, तापमान मध्यम आणि वापर आठवड्यातून फार तर एकदा, ही मर्यादा. ओल्या केसांवर रोलर गुंडाळून हुड ड्रायरखाली वाळवणे ही जुनी पद्धत त्याहून बरी: मुळे बरीच सरळ होतात आणि थेट तापलेला धातू केसाला लागत नाही.

रात्र आणि केशरचना

सुती अभ्रा केस ओढतो आणि त्यांतला ओलावा शोषतो. रेशमी किंवा सॅटिनचा रुमाल, टोपी किंवा अभ्रा यांमुळे घर्षण घटते. केस डोक्याभोवती गोल गुंडाळून त्यावर रुमाल बांधला की सकाळी विंचरावेही फारसे लागत नाही. खर्च कमी, लाभ रोजचा. दिवसा सैल अंबाडा किंवा सैल वेणी चालते, पण रबर रोज एकाच जागी नको. घट्ट वेण्या आणि जोडकेसांचा भार सांध्यावर आणि मुळांवर एकाच वेळी पडतो. कपाळाच्या कडेचे केस त्यामुळे विरळ होऊ लागतात. ओढ वर्षानुवर्षे चालू राहिली तर मुळे कायमची नष्ट होतात.

टच-अपचे अंतर

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दोन ते चार महिन्यांचे अंतर सुचवते. त्याहून लवकर केल्यास नवी वाढ इतकी आखूड असते की मलम जुन्या भागावर पसरतेच, आणि आधीच दुबळ्या झालेल्या केसावर रसायनाचा दुसरा मारा होतो. तुटीचे याहून मोठे एकच कारण सांगणे कठीण आहे. फार उशीर केला तर सांध्यावरचा भार वाढतो. ज्यांना गुंता संयमाने सोडवता येतो त्यांनी अंतर तीन-चार महिन्यांकडे न्यावे, हे अधिक हिताचे. मलम फक्त नव्या वाढीवर, जुन्या केसांना आधी कंडिशनर किंवा व्हॅसलीनचा लेप, आणि शेवटी रंग बदलून उरलेली अल्कली दाखवणारा न्यूट्रलायझिंग शाम्पू, फेस गुलाबी येणे थांबेपर्यंत. टच-अपच्या आधीचे काही दिवस टाळू खाजवू नये आणि केस धुऊ नयेत. खरचटलेल्या टाळूवर हे मलम भाजते.

वेगळी रसायने एकत्र न करणे

महाराष्ट्रातील पार्लरमध्ये रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंग या नावाने होणारी प्रक्रिया बहुधा थायोग्लायकोलेटवर आधारलेली असते. ती डायसल्फाइड बंध सोडवून पुन्हा जोडते. हायड्रॉक्साइड रिलॅक्सर तो बंधच बदलतो. एकावर दुसरे लावल्यास केस मुळापासून तुटून येऊ शकतो. परदेशातून परतलेल्या किंवा पार्लर बदलणाऱ्या व्यक्तीने आधी कोणते रसायन वापरले होते, ते स्पष्ट सांगणे म्हणूनच आवश्यक असते. ब्लीच आणि रिलॅक्सर ही जोडीही तितकीच घातक आहे. सांध्याचा प्रश्न रिबॉन्डिंगमध्येही असतो, फक्त मूळ केस कमी कुरळे असल्याने तो सौम्य असतो.

मर्यादा आणि धोके

अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अनुमानित प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के होते. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही टच-अपमधले अंतर वाढवण्याचे ते एक स्वतंत्र आणि गंभीर कारण आहे. टाळूवर फोड, भांगाची वाढती रुंदी, डोक्याच्या मध्यावर विरळपणा किंवा जळजळ दिसली तर पुढचा टच-अप रद्द करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. अशा वेळी घरगुती उपायांत गेलेले महिने परत मिळत नाहीत. रिलॅक्सर सोडायचा झाल्यास नवी वाढ होऊ देत जुना भाग टप्प्याटप्प्याने किंवा एकदमच कापावा लागतो. सरळ झालेला भाग कोणत्याही उपचाराने पुन्हा मूळच्यासारखा कुरळा होत नाही.